मळ्यात फिरायचे तर आधी खाडीची भरती बघा

प्रश्न: रत्नागिरीहून आईबाबांना घेऊन पणजीला येतो आहे. परदेशातल्या मोठ्या शहरांत लोक कालव्याच्या काठाने जुन्या वस्तीतून निवांत भटकतात, तसे काहीतरी त्यांना दाखवायचे आहे. फोंतेन्हासचे नाव ऐकले आहे, पण व्हिडिओत नुसत्या रंगीत भिंती आणि गर्दी दिसते. हातात अर्धा दिवस आहे. तिथे बघायचे काय, सुरुवात कुठून करायची आणि बाबांच्या गुडघ्यांना ते झेपेल का?

उत्तर:

गुडघ्यांचे आधी सांगतो. झेपेल. मळा, फोंतेन्हास आणि साव तोमे हे तिन्ही भाग आल्तिनोच्या डोंगराच्या पायथ्याशी, जवळजवळ सपाटीवर आहेत. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे मिळून एक-दीड किलोमीटर भरेल. पायऱ्या लागतात त्या मारुतीच्या देवळाकडे आणि आल्तिनोवर चढताना, आणि तो चढ गाळला तरी चालतो. त्रास असलाच तर सलग पदपथ नाही त्याचा. घरांच्या पायऱ्या थेट रस्त्यावर उतरतात, मध्येच दुचाक्या लावलेल्या असतात. बाबांना सपातांऐवजी पकड असलेले बूट घालू द्या.

पणजीच्या या भागात मी बरीच वर्षे लोकांना पायी फिरवतो आहे. येणाऱ्यांपैकी बहुतेक जण घरांकडे तोंड आणि खाडीकडे पाठ करून फिरतात. फोटो सगळे भिंतींचे, आणि पाण्याबद्दल एकच शेरा, ‘वास येतो’. माझे म्हणणे असे की ही वस्ती समजायची तर आधी पाणी बघायला हवे. डोंगराच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचा झरा, समोर भरती-ओहोटीची खाडी आणि दोहोंच्या मध्ये माडांची नि भरावाची चिंचोळी पट्टी. रस्ते अरुंद का, घरे एकमेकांना खेटून का, भिंतींना दरवर्षी रंग का, याची उत्तरे या मांडणीतच मिळतात.

तुम्ही कालव्याचे म्हणता, तर एक फरक लक्षात ठेवा. ॲमस्टरडॅमचे प्रसिद्ध कालवे सतराव्या शतकात आखून, खणून काढलेले आहेत आणि त्यांच्या पाण्याची पातळी दरवाजे लावून राखली जाते. पाणी दिवसभर एकाच रेषेवर. आमची रुआ द ओरें या रस्त्याकडेची खाडी कोणी खणलेली नाही. ती मांडवीला मिळणारी खाडी आहे, काठ तेवढे बांधून काढलेत. पाणी रोज दोनदा चढते, दोनदा उतरते. भरतीला तिच्यात घरांचे रंग दिसतात, पूर्ण ओहोटीला चिखल, खेकडे आणि शहराने टाकलेले बरेच काही दिसते. ज्यांना वास आला ते ओहोटीला आले होते.

तेव्हा दिवस ठरवताना भरती बघा. तुम्ही रत्नागिरीचे, तुमच्या आजोबांना हिशेब तोंडपाठ असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पुनवेला सव्वाअकराच्या पुढे. पहाटेची असो वा दुपारनंतरची, तीच वेळ दोन्हीकडे साधारण लागू पडते. हा हिशेब ढोबळ आहे, पण सहलीचा वार ठरवायला पुरतो. दशमी-एकादशीच्या आसपासची सकाळ उत्तम, कारण भरती आणि कोवळे ऊन एकत्र मिळतात. नेमकी वेळ हवी असेल तर मुरगाव बंदराचे भरतीचे कोष्टक मोबाइलवर मिळते. इथला चढउतार मुंबईइतका मोठा नाही. मुंबईत उधाणाला चार मीटरांपुढे फरक पडतो, इथे दोनच्या आसपास. पण खाडी उथळ असल्यामुळे तेवढ्यानेही तिचे रूप पालटते.

सकाळच का, याला आणखी एक कारण आहे. खाडीकाठच्या घरांची तोंडे पूर्वेला आहेत आणि पाठीशी पश्चिमेला डोंगर. साडेसात ते नऊ या वेळात सगळी ओळ उजळून निघते. दुपारनंतर डोंगराआड ऊन लवकर जाते आणि रंग मंदावतात. संध्याकाळी फोटोसाठी येणाऱ्यांची निराशा होते ती यामुळे. वर दुपारी एक ते चार हा इथला झोपेचा वेळ. दुकाने बंद, दारे बंद. घराघरांत माणसे पडलेली असतात आणि गल्लीत मोठ्याने बोललेले त्यांना खरोखरच ऐकू जाते.

सुरुवात मळ्यातल्या झऱ्यापासून करा, चॅपेलपासून नको. ‘फोंत फेनिक्स’ म्हणून तो विचारा. डोंगराच्या अगदी कुशीत बांधून काढलेले ते पाण्याचे ठिकाण आहे आणि फोंतेन्हास हे नावही अशा झऱ्यांवरूनच आलेले. बघायला म्हणाल तर तिथे फार काही नाही, आणि म्हणूनच गर्दीही नसते. पण आईबाबांना तिथे दोन मिनिटे उभे करून वर आल्तिनोकडे बघायला सांगा. सगळा डोंगर जांभ्याचा. जांभा पाऊस पितो, हे तुमच्याकडे विहीर खणणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. ते पाणी चिऱ्याच्या भोकाभोकांतून खाली मुरते, खाली चिकट मातीचा थर लागला की अडते आणि आडवे सरकत पायथ्याशी बाहेर पडते. पणजीत असेच दुसरे ठिकाण ‘बोका द व्हाका’, तेही डोंगराच्याच कडेला. पूर्वी शहर याच पाण्यावर जगत होते. खाडी खारी, तिचे पाणी पिता येत नाही. वस्ती वसायची तर झरा हवाच होता.

झऱ्यावरून वर मारुतीचे देऊळ दिसते. फेब्रुवारीच्या सुमारास मारुतीची जत्रा भरते आणि मळ्याचा रस्ता दुकानांनी भरून जातो. त्या दिवसांत आलात तर मात्र निवांत फिरणे विसरा, जत्राच बघा, तीही छान असते. एरवी लोक फोंतेन्हास म्हणजे ख्रिश्चन वस्ती एवढेच धरून चालतात. मळ्यात शिरताच अंगणातली तुळशी वृंदावने दिसू लागतात आणि पलीकडच्याच गल्लीत दारावर क्रूस. ही सरमिसळ कुणी पर्यटकांसाठी मांडलेली नाही. लोक शेजारी म्हणून राहतात, झाले.

आता थोडा इतिहास, चालता चालता सांगण्याइतका. पणजी मुळात खाजणाची, दलदलीची जागा. मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतलेल्या आंतोनियो जुआंव द सिकेरा या गोवेकराने अठराव्या शतकाच्या अखेरीस या पट्टीत माडांची बाग केली, तिथून या वस्तीची सुरुवात धरतात. तिकडे जुने गोवे साथींच्या रोगांनी ओस पडत चालले होते. व्हाइसरॉयने १७५९ मध्येच आपला मुक्काम पणजीच्या आदिलशाही वाड्यात हलवला होता. पुढे १८२६ ते १८३५ या काळातला गव्हर्नर दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रू याने दलदली बुजवून, रस्ते आखून पणजीला शहराचा आकार दिला आणि १८४३ मध्ये ती रीतसर राजधानी झाली. राजधानी आली म्हणजे कारकून आले, दुभाषे आले, वकील आले. त्यांना कचेरीपासून पायी अंतरावर घर हवे होते आणि जागा होती ती ही एवढी, डोंगर आणि खाडी यांच्यामधली. म्हणून गोव्याच्या खेड्यांतल्या घरांना जो ऐसपैस बलकांव, म्हणजे दारापुढचा बसायचा ओटा, असतो तो इथे क्वचितच दिसतो. त्याच्या जागी वरच्या मजल्यावर लोखंडी कठड्याची लांबट गॅलरी. बसायचे तेच, शेजाऱ्याशी बोलायचेही तेच, फक्त अंगण नसल्यामुळे ते वर गेले.

भिंती बघाल तेव्हा जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत बघा. सगळी घरे जांभ्याच्या चिऱ्यांची, मूळ गिलावा चुन्याचा. खाडीची ओल आणि तिच्याबरोबर मीठ पायातून वर चढते. चुना ती ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडून ठेवते. ज्या घराला हौसेने सिमेंटचा गिलावा आणि वर चकचकीत प्लास्टिक रंग दिला आहे, तिथे खालच्या भागात पोपडे सुटलेले आणि पांढरा क्षार फुललेला दिसेल. शेजारच्या चुन्याच्या भिंतीवर डाग असतील, पण पोपडे कमी. जुनी घरे दुरुस्त करायला घेणाऱ्यांना मी एवढेच दाखवतो, बाकी भाषण करावे लागत नाही.

रंगांचेही तसेच. पोर्तुगीज काळात शुभ्र पांढरा रंग चर्चसाठी राखलेला आणि घरांनी रंग लावायचे, अशी रीत इथे सगळे सांगतात. घरांच्या खिडक्यांभोवतीच्या पांढऱ्या पट्ट्या आणि आत निळा, पिवळा, काव हा थाट त्यातून आला. चुन्यात नीळ, पिवडी किंवा काव कालवली की हेच रंग होतात, त्यापलीकडे फार पर्यायही नव्हते. आणि पावसाळा असा की चुन्याचा रंग वर्षभरात धुपतोच. दिवाळी-नाताळच्या आधी पुन्हा हात फिरवायचा. म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटापासून आलात तर वस्ती ताजी रंगलेली असते. ऑगस्टमध्ये आलात तर भिंतींवर शेवाळ, कौलांवर नेचे. मला स्वतःला तीच वस्ती जास्त आवडते, पण आईबाबांना घसरड्या रस्त्यावर नेऊ नका.

झऱ्याकडून उत्तरेला निघालात की सां सेबास्तियांवचे चॅपेल लागते. छोटेसे, पांढरे. आतला क्रूस मुद्दाम बघावा असा. एरवी क्रूसावरच्या येशूची मान कललेली आणि डोळे मिटलेले असतात. इथे मान ताठ, डोळे उघडे. हा क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायासनाच्या, वाड्यात होता. १८१२ मध्ये इन्क्विझिशन बंद झाल्यावर तो पणजीच्या राजवाड्यात आला आणि १९१८ मध्ये इथे. आरोपींवर धाक बसावा म्हणून डोळे उघडे ठेवले, असे सांगतात. चॅपेल प्रार्थनेपुरतेच उघडते. बंद असेल तर दार ठोठावू नका. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असते तेव्हा कॅमेरा खिशात ठेवून मागे उभे राहायला कोणी हरकत घेत नाही.

पुढचा सरळ रस्ता ‘रुआ ३१ द जानेरू’. या तारखेबद्दल मार्गदर्शक मंडळी हमखास सांगतात की पोर्तुगाल स्पेनपासून या दिवशी स्वतंत्र झाला. तसे नाही. तो दिवस १ डिसेंबर १६४०. ही ३१ जानेवारी १८९१ ची, पोर्तो शहरात राजेशाहीविरुद्ध झालेल्या फसलेल्या उठावाची. पोर्तुगालच्या गावोगावी या नावाचे रस्ते आहेत. गंमत अशी की पणजीत तारखेचा आणखी एक मोठा रस्ता आहे, १८ जून. तो १९४६ मध्ये डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात केलेल्या सभेचा. तारखांचे हे दोन रस्ते, एक पोर्तुगीजांच्या आठवणीचा, दुसरा त्यांना घालवण्याच्या, एकाच शहरात पायी अंतरावर आहेत.

दुसरी दुरुस्ती. फोंतेन्हास युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे असे फलकांपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे लिहिलेले सापडेल. यादीत आहेत ती जुन्या गोव्याची चर्चेस आणि मठ, १९८६ पासून. फोंतेन्हास नाही. त्याने काही बिघडत नाही, पण आईबाबांना खरे सांगा.

याच भागात फुंदासांव ओरिएंत ही संस्था आहे. तिच्याकडे आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांच्या चित्रांचा संग्रह आहे. सांग्याचा हा माणूस मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकला आणि तिथेच शिकवू लागला. त्यांच्या व्यक्तिचित्रांतल्या स्त्रिया बघताना तुमच्या आईला त्या ओळखीच्या वाटतील, कारण नेसणे, बसणे, दागिने सगळे आपल्या मुलखातले आहे. माझ्या मते या फेरीतली सर्वांत चुकवू नये अशी गोष्ट हीच, आणि सर्वांत कमी लोक बघतात तीही हीच. वेळा आधी विचारून घ्या, सकाळी लवकर ती उघडत नाही.

‘विशिंग वेल’ म्हणून जी लाल विहीर दाखवतात तिथे रांग लागते. लागू द्या, तुम्ही पुढे चला. कोर्त द ओतेर हा रस्ता ओलांडला की साव तोमे. तिथे जुनी टपाल कचेरी आहे, तंबाखूच्या व्यापाराचे ते घर, आणि समोरच टांकसाळीची इमारत. १८३० च्या दशकात गोव्याची नाणी तिथे पडत. चौक लहान, झाडाखाली बसायला जागा. बाबांना इथे टेकवा.

खाण्याचे थोडक्यात. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत येतो, त्याच्याकडून गरम उंडे किंवा पोळी घ्या (इथली पोळी म्हणजे कोंड्याचा पाव, पुरणाची नव्हे). चर्च चौकाकडे गेलात तर जुन्या शाकाहारी कॅफेंत पातळ भाजी-पाव आणि बन मिळतो. जुन्या बेकऱ्यांत बेबिंका दिसेल. आईबाबा अंडे खात नसतील तर ती देऊ नका, अंड्यांच्या बलकाशिवाय ती होत नाही. दोदोल घ्या. तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि गूळ, आपल्या घरचेच जिन्नस.

आता येतो खाडीवर. साव तोमेकडून वळून रुआ द ओरेंला या आणि काठाने परत दक्षिणेकडे चाला. वाहने आहेत, पण काठाला चालण्यापुरती जागा आहे. मग पादचारी पुलावरून खाडीपलीकडच्या पाटो भागात जा. खरी फोंतेन्हास दिसते ती पलीकडच्या काठावरून. गल्लीत असताना एकेक घर दिसते, पलीकडून सगळी ओळ, मागे डोंगर, पुढे पाणी. गाडी आणलीत तर ती पाटोलाच लावा. गल्ल्यांत घालू नका, जागा मिळणार नाही आणि मिळाली तर ती कुणाच्या तरी दारातली असेल. कदंब बसस्थानकही याच बाजूला आहे, तिथून पायी दहा-पंधरा मिनिटे.

पाटोवर वेळ उरला तर कृष्णदास शामा ग्रंथालयात डोकवा. १८३२ मध्ये सुरू झालेले हे देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. इमारत नवी, पण नाव ज्यांचे आहे ते कृष्णदास शामा सोळाव्या शतकातले, केळशीचे, ओवीबद्ध कृष्णकथा लिहिणारे. मराठी माणसाने पणजीत येऊन पोर्तुगीज पाट्या वाचाव्यात आणि हे नाव न वाचता परत जावे, हे मला पटत नाही.

वागण्याबद्दल सांगावे लागते, कारण गेल्या काही वर्षांत रहिवासी कंटाळले आहेत. लग्नाआधीच्या फोटोंसाठी कपडे बदलायला गाड्यांचे आडोसे, पायऱ्यांवर चढून बसणे, रात्री अपरात्री रील. काही घरांवर ‘फोटो काढू नये’ अशा पाट्या आहेत, त्या खऱ्या समजा. दारात म्हातारी आजी बसली असेल तर आधी ‘देव बरो दीस दिवं’ म्हणा, विचारा, मग हवा तर फोटो. बहुतेक वेळा फोटो राहतो बाजूला आणि गप्पाच होतात. तुमच्याबरोबर आईबाबा आहेत हे तुमचे मोठे भांडवल. वयस्कर माणसे दिसली की इथे लोक खुर्ची आणून देतात.

परतीचे. रत्नागिरीची गाडी करमळीहून पकडणार असाल तर टॅक्सीवाला बहुधा हमरस्त्याने नेईल. त्याला रिबंदरवरून घ्यायला सांगा, किंवा सरळ जुन्या गोव्याची रिबंदरमार्गे जाणारी बस धरा. पाटोचा पूल ओलांडला की तुम्ही ज्या बांधावरून जाता तो १६३३-३४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द लिन्यारिस याच्या काळात बांधला, तीन किलोमीटरहून लांब, आणि अजून त्यावरून रोजची वाहतूक चालते. डाव्या खिडकीतून मांडवी दिसते. पण आईबाबांना उजवीकडे बसवा. तिकडे कांदळवन, पाणथळ आणि मिठागरांच्या जागा आहेत. भराव पडण्याआधी पणजीची जमीन कशी होती ते तिथे न सांगता कळते, आणि खारबंदिस्ती बघितलेल्या तुमच्या बाबांना त्यावर तुम्हाला सांगण्यासारखे बरेच असेल. ओल्ड गोव्याच्या थांब्यावरून करमळीचे स्टेशन जवळ आहे, पण सामान असेल तर रिक्षा करा आणि गाडीच्या वेळेआधी तासभर हातात ठेवा.